दुसऱ्याची जाग

‘माय मरो, पण मावशी जगो’ ही म्हण ऐकायला कठोर वाटते खरी, पण ती निर्माण करणारा माणूस निर्दय नसावा. एक आधार तुटला तरी लेकराच्या तोंडचा घास तुटू नये, एवढीच त्याची काळजी. प्रवासाला निघालेला शहाणा माणूस सगळे पैसे एकाच खिशात ठेवीत नाही आणि घरची गृहिणी तिजोरीची एक किल्ली विश्वासाच्या ठिकाणी देऊन ठेवते. एकावर विसंबू नये, हे शहाणपण आपल्या अंगात मुरलेले आहे. परंतु पहिला गेला हे दुसऱ्याला कळायचे कसे? या प्रश्नाचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

मला तो करायला लावला आमच्या शाळेतल्या दोन राउटरांनी. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. त्यातून मी कादंबऱ्या लिहिणारा, म्हणजे यंत्राच्या बाबतीत दुहेरी अडाणी! पण जिवतीला राहून या गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणिकगडच्या डोंगरांतला आमचा हा तालुका. गडचांदूर सोडले की घाट चढून यावे लागते. पूर्वी इथे नेट म्हणजे शहरी चैन वाटे. आता मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म आणि रेशनच्या दुकानातला अंगठासुद्धा नेटवाचून अडतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नेट गेले, तर बाप मजुरी बुडवून पोराला घेऊन डोंगर उतरतो. ती बुडालेली मजुरी कोणत्याच रकान्यात लिहिलेली नसते.

म्हणून शाळेत दोन राउटर बसवले. बसवणारा पोरगा मला म्हणाला, “गुरुजी, एक बंद पडला का दुसरा आपोआप चालू होते. तुमाले कळन बी नाही.”

मी म्हटले, “अरे बाबा, मला कळू नये हे ठीक. पण त्याला कसे कळते?”

त्याने सांगितले ते मोठे गमतीचे होते. या व्यवस्थेला व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल असे भारदस्त नाव आहे. तिचे नियम १९९८ साली प्रसिद्ध झाले. खोलीतल्या संगणकांना दोघांपैकी कोणाचाच खाजगी पत्ता सांगायचा नाही. सांगायचा तो तिसराच, दोघांनी मिळून सांभाळलेला पत्ता. त्या पत्त्यावर एका वेळी एकच जण बसतो आणि बसल्या बसल्या साधारण दर सेकंदाला पुकारत राहतो, “मी आहे, मी आहे.” दुसरा काही बोलत नाही, नुसता ऐकत असतो. तीन सेकंद आणि वर थोडा अंश इतका वेळ पुकार आली नाही, की तो उठतो, त्या पत्त्यावर बसतो आणि साऱ्या जाळ्याला कळवतो, “आता इकडे या.” वारस अनेक असतील तर प्रत्येकाला मानाचा आकडा दिलेला असतो. ज्याचा आकडा मोठा, तो थोडा कमी थांबतो, म्हणून भांडण होत नाही.

हे ऐकताना मला आमच्याकडची जागल आठवली. पीक उभे असले, की रानडुकरे हाकलायला शेतकरी रात्र मचाणावर काढतात. एका मचाणावरून हाळी येते, पलीकडच्या मचाणावरून तिला ओ मिळते. ओ मिळाली नाही, तर शेजारी कंदील घेऊन निघतो. त्याला उठवणारी असते ती शांतता.

पण या व्यवस्थेत एक मेख आहे. दोघेही धडधाकट, पण मधली तारच तुटली तर? दुसऱ्याला पुकार ऐकू येत नाही. तो समजतो, पहिला गेला. आणि दोघेही एकाच पत्त्याचे धनी होऊन बसतात. मग कोणाचे पत्र कोणाकडे जाईल, याचा नेम नाही.

आमच्या तालुक्याला हे दुखणे यंत्रे येण्याआधीपासून ठाऊक आहे. परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा अशी सीमेवरची चौदा गावे वर्षानुवर्षे दोन राज्यांच्या दाव्यात राहिली. पलीकडे २०१४ पर्यंत आंध्र, नंतर तेलंगणा. दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे, दोन शाळा. त्याचा लाभही लोकांना झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न निघाला, की तो रेंगाळत राहिला. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण काही उगाच झालेली नाही. धनी दोन असणे पुरेसे नसते. आज कोणी बसायचे आणि कोणी ऐकायचे, हे त्यांच्यात ठरलेले असावे लागते.

दुसरी मेख याहून नाजूक. राउटर जिवंत आहे, “मी आहे” म्हणतोही आहे, पण घाटाखालून येणारी त्याची तारच पावसात तुटली आहे. अशा वेळी दुसरा उठत नाही, कारण पुकार चालूच असते! म्हणून पहिल्याला बाहेरच्या तारेवरही नजर ठेवायला शिकवावे लागते. ती तुटली, की त्याने आपला मानाचा आकडा आपणच उतरवायचा. शिवाय दुसऱ्याची वाट वेगळी हवी. दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या, तर एकच झाड पडून दोन्ही जातील. आमचा दुसरा राउटर म्हणून मोबाइलच्या सिमवर चालतो. आता टॉवरची तारही त्याच घाटातून येत असेल तर काय, हे मी त्या पोराला विचारले, तेव्हा तो नुसता हसला.

दर महिन्याच्या एका शनिवारी, मुले घरी गेली, की मी पहिल्याची वायर मुद्दाम काढतो आणि आकडे मोजतो. चार म्हणेपर्यंत दुसरा उभा राहिला, तर वायर पुन्हा जोडून घरी जातो. न तपासलेला आधार हा आधार नव्हे, निव्वळ समजूत.

वाचकहो, दिवाळीच्या सफाईत तिजोरीची ती दुसरी किल्ली हाती लागेल. तिच्यावर विश्वास आहेच, तरी एकदा कुलपात घालून फिरवून पाहा. आणि घरातली कागदपत्रे कुठे आहेत हे एकट्या बाबांनाच ठाऊक असेल, तर फराळाच्या वेळी सहज विचारून ठेवा.