बेल्टर्बेटचा पूल

आम्ही शॅनन गावात राहतो. नदी इथे समुद्राला भेटायच्या बेतात असते. तिचा उगम दूर उत्तरेला, कॅव्हन परगण्यात. नदीचे मूळ शोधू नये म्हणतात, म्हणून गेल्या मे महिन्यात त्याच परगण्यातले, शेजारच्या अर्न नदीवरचे बेल्टर्बेट पाहायला निघालो. शॅनन आणि अर्न या दोघी कालव्याने जोडलेल्या आहेत. 1860 साली बांधून झालेला तो कालवा कुणी फारसा वापरलाच नाही; 1994 साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि निपाणीहून आलेल्या आमच्या आई.

गाव चढावर, खाली पूल आणि बोटींचा धक्का. 1959 पर्यंत इथे आपल्या बार्शी लाइटसारखी अरुंद रुळांची गाडी यायची. स्टेशन हौसेने जपले आहे. आईंना बाजारपेठ मात्र फार शांत वाटली. "एवढी दुकानं, गिऱ्हाईक कुठाय?"

त्याचे उत्तर गावाबाहेर थोड्याच अंतरावर, आहालेनच्या पुलावर मिळाले. फाळणीनंतर सरहद्द इथल्या वुडफर्ड नदीतून गेली. तरी पलीकडची गिऱ्हाइके येत होती. 1972 साली पूल स्फोटाने उडवला आणि एनिस्किलनचा सरळ रस्ताच तुटला. त्याच वर्षी 28 डिसेंबरला गावात बाँब फुटून दोन कोवळी मुले गेली. त्यांचे स्मारक आम्ही पाहिले. नवा पूल झाला 1999 साली, शांतता कराराच्या पुढच्या वर्षी. सत्तावीस वर्षांत बाजार दुसरीकडे वळला, तो वळलाच.

आता पुलावर ना चौकी, ना शिपाई. पलीकडे रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि किलोमीटरचे मैल होतात, एवढेच. पण आम्हा चौघांकडे आयरिश पासपोर्ट, आणि आईंच्या व्हिसावर ब्रिटनला चालणारी 'बीआयव्हीएस' ही अक्षरे नव्हती. (पाहुणे बोलावताना हे आधी बघा बरं का, मंडळी!) कोण विचारणार होते, असे आमच्यातल्या एकाचे मत पडले. आई ठाम. "नको रे बाबा. आमच्या निपाणीत सीमेवरून एवढी भांडणं, पण कोल्हापूरला जायला व्हिसा लागत नाही हो!"

त्या अलीकडेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मुले पळत पलीकडे जाऊन आली. "आजी, आम्ही परदेशात जाऊन आलो!"

"बरं झालं. टोपी तिकडेच विसरलास ना?"

धाकटा पुन्हा ब्रिटनकडे धावला.