वारस पुष्कळ, धनी कोणी नाही

वाडा कशाने पडतो असे कोणी विचारले, तर पावसाचे नाव आम्ही सर्वांत शेवटी घेऊ. इंदुरातील एका जुन्या मराठी वस्तीत आमचा जन्म गेला. आमच्या दारापासून चार घरे सोडली की जो दुमजली वाडा लागतो, त्याचे वैभव आणि त्याची विटंबना ही दोन्ही आम्ही याच डोळ्यांनी पाहिली. त्या अनुभवाचे सार वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

होळकर संस्थानात दप्तराचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी हा वाडा बांधला. हातभर रुंदीच्या भिंती, चुन्याची जुळाई, सागवानी खांब, वर कडीपाट, मध्ये चौक आणि चौकात तुळशीवृंदावन, असा तो त्या काळच्या रीतीचा वाडा. आमच्या बालपणी भाद्रपदात तिथला गणपती हा साऱ्या गल्लीचा गणपती असे. आरतीला चौक पुरत नसे, म्हणून आम्हां मुलांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवीत.

आज त्या जिन्याच्या पायऱ्या मोजण्याचे धाडस कोणी करणार नाही. पुढच्या भिंतीतून पिंपळ उगवला आहे. पाखराच्या विष्ठेतून बी पडते, चुन्याच्या सांध्यात रुजते, आणि मुळे जाड होऊ लागली की विटा आपापली जागा सोडतात. छपराची कौले सरकल्यामुळे पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरते. चुना धुपून जातो आणि तुळईचे भिंतीत रुतलेले टोक आतल्या आत कुजते. बाहेरून खांब धडधाकट दिसावा, आणि भार मात्र कशावरच नसावा! गल्लीतील एका वृद्ध गवंड्याने भिंतीवर हात फिरवून आम्हांस सांगितले, ‘मास्तरसाहेब, भिंतीला पोट आले आहे. दोन पावसाळे काढील, तिसऱ्याची हमी नाही.’

मग दुरुस्ती का होत नाही? एकदा आम्ही वहीत या घराण्याची वंशावळ मांडली. मूळ पुरुषास चार मुलगे आणि तीन मुली. त्यांच्यापासून आज हयात असलेले वारस सत्तावीस. कोणी पुण्यास, कोणी बंगळुरास, कोणी अमेरिकेत, तर एक ऑस्ट्रेलियात. वाटणीपत्र कधी झालेच नाही. एका चुलत्याने दावा लावला; तो निवर्तला आणि दावा त्याच्या मुलांच्या नावे चालू राहिला. गल्लीतील काही मंडळी २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीला बोल लावतात; मुलींना बरोबरीचा हक्क दिल्याने गुंता वाढला, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते मान्य नाही. वाडा त्याच्याही वीस वर्षे आधीपासून गळत होता, आणि तेव्हा निर्णय घेणारे सारे पुरुषच होते.

या सत्तावीस जणांपैकी एकही माणूस दुष्ट नाही. दिवाळीस त्यांतील कित्येकांची शुभेच्छापत्रे आम्हांस येत आली आहेत. परंतु सत्ताविसाव्या हिश्श्यासाठी पदरचे लाख रुपये घालून छप्पर कोणी घालावे, आणि ते कोणी घातलेच तर उरलेल्या सव्वीस जणांनी ते मान्य करतील का, या दोन प्रश्नांपाशी प्रत्येकाचा हात थबकतो. ज्याच्या त्याच्या वाट्याला हक्क आला. कर्तव्य मात्र सामाईक राहिले, आणि जे सामाईक राहते ते कोणाचेच नसते.

त्याचा भोगवटा गल्लीच्या नशिबी आला. शेजारच्या घराची भिंत वाड्याशी सामाईक असल्यामुळे तिथे बारमाही ओल. चौकात पाणी साचून डास, माजघरात उंदीर, आणि रात्री ओसरीवर पत्ते कुटणारी परकी टोळकी. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात पहाटे घंटागाडी आमच्या दारावरून जाते, रस्ता आरशासारखा होतो; पण वाड्याच्या दाराला कुलूप असल्याने आतील उकिरडा कोणाच्याच हद्दीत येत नाही.

हे सारे सोसता येते. भय आहे ते निराळे. आमच्या शाळेची मुले याच भिंतीखालून येतात-जातात. ३१ मार्च २०१८ रोजी सरवटे बसस्थानकाजवळची जुनी चार मजली इमारत कोसळून दहा माणसे प्राणास मुकली, तेव्हापासून आमची झोप उडाली आहे. गेल्या श्रावणात वाड्याचा रस्त्याकडील सज्जा मध्यरात्री पडला. दिवसा त्याच सज्जाच्या सावलीत मुले डबे उघडून बसत.

दुसऱ्या दिवशी गल्लीची बैठक भरली आणि दोन तट पडले. एक म्हणे, पाडून टाका. दुसरा म्हणे, १९८४ च्या आगीत होरपळलेला राजवाडा २००७ पर्यंत विटा, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा उभा राहिला, मग हा का राहू नये? आम्ही म्हटले, राजवाड्याला उभे करणारे कोणी तरी होते. इथे तेवढेच नाही. याच वेळी वाड्याच्या मागील खोलीत चाळीस वर्षे भाड्याने राहणाऱ्या विधवा काकू उठून म्हणाल्या, ‘तुम्ही पाडायचे की राखायचे ते ठरवा, पण मी कुठे जाऊ, तेही त्याच कागदात लिहा.’ इमारत पडली की आपला भाडेकरूचा हक्कही मातीत जाईल, ही त्यांची धास्ती. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. गल्लीने वर्गणी काढून भिंतीला सागाचे टेकू दिले. मुलांना पलीकडच्या कडेने नेण्यासाठी एक शिक्षक रोज उभा राहू लागला. आणि सर्व वारसांना आम्ही एकच मजकुराचे पत्र लिहिले. ज्या मालमत्तेचे सोयीने तुकडे पडत नाहीत, ती विकून पैसा वाटून देण्याची तरतूद १८९३ च्या वाटणी कायद्यातच आहे. मात्र निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धन्यांनी ती न्यायालयापाशी मागावी लागते. तेव्हा चौदा जणांचे एकमत झाले तरी मार्ग निघण्याजोगा आहे, कारण बहुतेकांचे हिस्से सारखेच आहेत. आणि काकूंच्या निवाऱ्याची सोय ही पहिली अट असावी, असे आम्ही त्यात लिहिले. आजवर नऊ होकार आले आहेत. पाच उरले आहेत, आणि गवंड्याने सांगितलेल्या दोन पावसाळ्यांपैकी एक सरला आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे याच वाटेवर उभी आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, जिथे जिथे आपले पूर्वज चाकरीनिमित्त गेले आणि वाडे बांधून राहिले, तिथे तिथे मुले आता दूर गेली आहेत. त्यांनी जावे, पोटामागे माणूस जातोच. परंतु वडीलधाऱ्यांनी डोळे मिटण्यापूर्वी मृत्युपत्र करावे, भावंडांनी प्रेम शिल्लक आहे तोवर वाटणीपत्र करावे, आणि राहायचे नसेल तर भिंत उभी आहे तोवर घर विकावे. त्यात पूर्वजांचा अपमान नाही. शेजाऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर आपल्या आजोबांची भिंत लोंबकळत ठेवणे, हा मात्र अपमान खचित आहे.

आणि राखायचेच असेल, तर एका माणसाला कुलमुखत्यारपत्र द्यावे आणि बाकीच्यांनी वर्षाची वर्गणी न मागता पाठवावी. ज्येष्ठात कौले कोण शाकारणार, एवढे ज्या घरात ठरलेले आहे, त्या घराला आम्ही जिवंत घर म्हणतो, मग त्यात कोणी राहत असो वा नसो.