सांत्वनाने वाढते

वडिलांच्या पश्चात पुस्तकांची वाटणी झाली, तेव्हा केंटची रेपर्टरी माझ्याकडे आली. खरे तर ती कोणालाच नको होती. वडील शाळेत गणित शिकवीत आणि संध्याकाळी ओसरीवर बसून गल्लीतल्या लोकांना होमिओपॅथीच्या गोळ्या देत. मटेरिया मेडिकात औषधाखाली लक्षणे असतात, रेपर्टरीत लक्षणाखाली औषधे. निरोगी माणसांना औषध देऊन त्यांना काय जाणवले याच्या नोंदी हानेमान यांच्या काळापासून साठत गेल्या. त्या स्मरणात मावेनात, म्हणून ही उलटी सूची. बोनिंगहाउसेन यांची १८३२ सालची, आणि जेम्स टायलर केंट यांची १८९७ पासून छापली गेलेली. केंट 'मना'पासून आरंभ करतात. मग भोवळ, डोके, डोळे असे खाली उतरत जातात. औषधांची नावे तीन ठशांत येतात: ठळकाला तीन गुण, तिरप्याला दोन, साध्याला एक. वडील जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखून बेरीज करीत. बेरीज म्हणजे निकाल नव्हे, पुन्हा मटेरिया मेडिका उघडून पाहावे लागते, हे ते बजावीत. पण बेरीज जुळली की त्यांचा चेहरा खुले.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने 'मन' हे प्रकरण एकदा चाळावेच. नुसत्या रडण्याचे किती पोटभेद! स्वतःचा आजार सांगताना रडू येणे, तिथे पल्सेटिला. सांत्वनाने वाढणारे रडणे, तिथे नेट्रम म्युर. आपण काचेचे आहोत असा भास, तिथे थुजा. दुःखाचे इतके बारकावे आमच्या नवकथेच्या समीक्षेतही मला क्वचितच भेटले. (या गोळ्यांवर माझा विश्वास नाही. तिसाव्या विरलतेत मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही, आणि कोणत्याही आजारावर त्या गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली काढला. परंतु पुस्तक आणि गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

त्याच प्रकरणात एक घडी केलेली उत्तरपत्रिका सापडली. वर्ष १९९८, म्हणजे थोरला भाऊ गेला ते. वर नाव नाही. 'स्त्री, ४६. दुःख गिळते. सांत्वनाने वाढते. मिठाची आवड. थकवा. जिना चढताना धाप.'

मला आठवले, समाचाराला माणसे आली की आई चहाचे निमित्त करून उठून जाई. नातेवाइकांना तो कोरडेपणा वाटला. मलाही वाटला होता. वडील तिच्याशी त्या काळात जेमतेम बोलत, त्यामुळे त्यांना काही दिसत असेल असे मनातही आले नव्हते. त्यांना नेमके दिसले होते. नेट्रम म्युरची बेरीज सर्वांत मोठी भरली होती आणि तिच्याखाली दोन रेघा होत्या.

त्या गोळ्या आईने चार महिने घेतल्या. मग एके दिवशी ती जिन्यातच कोसळली. हिमोग्लोबिन पाच निघाले. पाळी जाण्याच्या वयातला रक्तस्राव कित्येक महिने चालला होता आणि तो तिने कोणालाही सांगितला नव्हता. रक्ताच्या तीन बाटल्या चढवाव्या लागल्या.

त्या स्रावाचे रकानेही केंटमध्ये आहेत, स्त्रियांच्या प्रकरणात, पुष्कळ तपशिलाने. वडिलांना ते पाठ असणार. गल्लीतल्या बायका ओसरीवर ते बोलत नसत. स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानात सांगत. आई ते पदर सावरत बाहेर नेई आणि 'अहो, त्यांना असं असं होतंय' इतकेच म्हणे. वडील मान वर न करता लिहून घेत. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले होते. तिचे स्वतःचे बाहेर कोणी न्यायचे?

उत्तरपत्रिकेवर त्या प्रकरणासाठी आखलेला रकाना आहे. तो कोरा आहे.