दिवा मालवल्यानंतर

उज्जैनचं ऊन फुकट मिळतं, पण आमच्या कामाचं नाही. कर्कवृत्त इथून हाकेच्या अंतरावर. जूनच्या भर दुपारी इथल्या वेधशाळेतल्या शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते. असलं ऊन मोजूनमापून कसं देणार? म्हणून प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद, आणि टेबलावर हिरवा एलईडी.

उजेडानं तांबड्या पेशी फुटताना पाहायच्या, तर आधी रक्त सेंट्रिफ्यूजला लावायचं, प्लाझ्मा काढून टाकायचा, वरचं पाणी नितळ होईस्तोवर तांबड्या पेशी सलाईननं धुवायच्या. मग किंचित रोझ बंगाल. हा रंग ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश पितो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनच्या हवाली करतो. चवताळलेला तो ऑक्सिजन पाण्यात सेकंदाचे काही दशलक्षांश भागच टिकतो. तेवढ्यात पेशीच्या पटलातली मेदाम्लं, कोलेस्टेरॉल, प्रथिनं, जे सापडेल त्याला डसतो. आमच्या उज्जैनच्याच भेरूगढमधल्या बाटिकवाल्यांना उन्हात रंग विटण्याची धास्ती. इथे रंग विटण्याआधी शेजाऱ्याचा जीव घेतो. पोर्फिरिया या आजाराच्या एका प्रकारात तर रंग बाहेरून घालावाच लागत नाही, तांबड्या पेशींतच प्रोटोपोर्फिरिन साचलेलं असतं.

नवे विद्यार्थी दिवा लागल्यापासून नळीकडे टक लावून बसतात. नळी गढूळची गढूळ. "सर, काहीच झालं नाही." मी म्हणतो, दिवा मालव, नळी अंधारात ठेव आणि चहा पिऊन ये. उजेडानं पटलाला बारीक गळती लावलेली असते, एवढंच. पोटॅशियम बाहेर झिरपतं, सोडियम आत शिरतं. हिमोग्लोबिनचा रेणू मोठा, तो त्या फटींतून निघत नाही. आत राहून पाणी ओढत बसतो. चपटी पेशी फुगून गोल होते आणि फुटते. नळी एकाएकी लालभडक पण पारदर्शक होते, इतकी की मागे धरलेल्या वर्तमानपत्रातलं वाचता येतं.

हे मोजायला ५४० नॅनोमीटरवर हिमोग्लोबिन पाहण्याची पुस्तकी रीत आहे. पण रोझ बंगालही तिथेच शोषतो, मग आकडा कुणाचा समजायचा? मी सरळ ७०० वर गढूळपणा मोजतो.

मला सगळ्यांत आवडते ती साखरेची नळी. सलाईनमध्ये पुरेसं सुक्रोज घातलं की बाहेरचा दाब आतल्या ओढीला तोलून धरतो आणि फुटणं लांबतं. गढूळ नळी पाहून पोरं खुशीत येतात, पेशी वाचल्या म्हणतात. मग मी त्यांना पेशी खाली बसवून वरचं पाणी फ्लेम फोटोमीटरला लावायला सांगतो. पोटॅशियम बाहेर आलेलंच असतं.