गाठोडं

परवा जुनी हार्ड डिस्क आवरताना २००४ सालचं फोल्डर सापडलं. प्रोजेक्टसाठी सहा महिने कॅलगरीला होतो, तेव्हाचं. बर्फ, बर्फ, परत बर्फ, आणि ग्लेनबो म्युझियमच्या दाराचा एक फोटो. आतला मात्र एकही नाही.

शनिवारी दुसरं करणार काय, म्हणून आत शिरलो होतो. ब्लॅकफूट लोकांनी म्युझियमच्या मंडळींबरोबर बसून मांडलेलं दालन तिथे २००१ मध्ये सुरू झालं होतं. मला बघायचं होतं 'नाटोआस', म्हणजे ओकान (सन डान्स) मांडणाऱ्या व्रतस्थ बाईचं शिरोभूषण. घरातलं कुणी दुखण्याने अडलं की बाई नवस बोलते, उन्हाळ्यातल्या सोहळ्यात उपास करते आणि ते डोक्यावर धारण करते. सोबत जमीन उकरायची काठी असते. तिची गोष्ट झकास आहे. एक बाई पहाटताऱ्याशी लग्न करून आकाशात गेली. उकरू नको म्हटलेला कंद तिने उकरलाच, भोकातून खाली आपली माणसं दिसली आणि बाईंना माहेर आठवलं!

काउंटरवर विचारलं, नाटोआस कुठल्या कपाटात आहे? उत्तर आलं, "ते घरी गेलं."

मी चक्क नाराज झालो. तिकीट काढलं होतं ना!

मग वाचत गेलो. १८९५ पासून कॅनडाच्या कायद्याने अशा सोहळ्यांवर बंधनं आली, ती १९५१ ला उठली. मधल्या काळात उपासमार, रोगराई, मिशनऱ्यांचा धाक. कितीतरी पवित्र गाठोडी म्युझियमांत गेली. ग्लेनबोने १९९० पासून ती उसनी म्हणून परत द्यायला सुरुवात केली, आणि २००० साली अल्बर्टात कायदा होऊन २५१ वस्तू कायमच्या परत गेल्या. काईनाई लोकांत 'मोटोकिक्स' हा बायकांचा संघ आहे, बायसनशी नातं सांगणारा. त्यांचीही शिरोभूषणं असतात.

पण गंमत पुढेच आहे. ही गाठोडी कुणाच्या 'मालकीची' नसतात. आधीची सांभाळणारी विधीपूर्वक दुसरीला देते. गाणी शिकवते, चेहऱ्याला रंग लावते. घेणारी भेटी देते, पूर्वी घोडेसुद्धा. नुसती वस्तू हातात आली म्हणून अधिकार येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फाईल कॉपी झाली, परमिशन नाही.

हे सगळं परवा का आठवलं? समोर शोकेसमध्ये आईचे गौरीचे मुखवटे होते, म्हणून. आई गेल्यावर "अँटिक पीस" म्हणून मीच हट्टाने आणलेले. पाहुणे कौतुक करतात. मला आरतीपलीकडे काही येत नाही. आईने सगळं शिकवलं होतं ते वहिनीला, आणि ती सध्या खड्यांच्या गौरी बसवते. कधी तक्रार केली नाही.

दुपारी फोन केला. वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "भावजी, कापसात नीट गुंडाळून आणा हं."

उद्या निघतोय. शोकेस रिकामं दिसेल. दिसू दे.