अर्थिंग

बुद्धपौर्णिमेला लेणी बघून परतताना फर्दापुरात जीपचे दिवे गेले. गेले म्हणजे विझले नाहीत. तेल संपत आलेल्या चिमणीगत पिवळे झाले. पुढं अजिंठ्याचा घाट. मागं आजी, दोन लेकरं. जीप माझ्याहून वयानं मोठी, बापानं चौथ्या मालकाकडनं घेतलेली.

गॅरेजवाल्यानं बोनेटच्या आधी काचेवरचं 'जय भीम' वाचलं. म्हणाला, "वायरमन नाही, सकाळी या." वायरमन आत बसून जेवत होता. दिसत होता.

मी सूतगिरणीत कामाला. वायरिंग शिकलो ते रात्रपाळीत, बंद पडलेल्या मशिनीपाशी बॅटरी धरून उभं राहून. बापाला म्हणालो, "अण्णा, बल्ब बदलू नका. दोन्ही एकदम म्हातारे होत नसतात." इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवाही लुकलुकायचा. म्हणजे करंट जातोय, पण परतायची वाट सापडंना, म्हणून दुसऱ्याच्या घरातून घुसतोय. जुन्या गाडीत दिव्यांना परतीची वेगळी वायर नसते. 12 व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडतात, सगळं पत्र्यातूनच परत येतं. निगेटिव्हवरनं एक सुटी वायर पुढच्या पत्र्याला टेकवली. भक्कन उजेड!

मडगार्डाच्या आत अर्थचा बोल्ट होता. गंजलेला, आणि गंजावरनं कुणीतरी झकास रंग मारलेला. रंगातून काय वाहणार, डोंबल? चाकूनं पत्रा पांढरा होईस्तोवर खरवडला, बोल्ट आवळला.

गॅरेजवाला दारात येऊन बघत होता. बापानं त्याच्याकडं पाहिलं नाही. गाडी काढताना हॉर्न मात्र दिला, लांबलचक.