दरबारात नसलेला चित्रकार

पुणे

चि. मृणाल,

टेट संग्रहालयातील पेशवे-दरबाराच्या चित्राची जी प्रत तू पाठविलीस, ती मी चौकटीत बसवून मेजासमोर लावली आहे. शनिवारवाड्यातील गणेश महालात सवाई माधवराव गादीवर आहेत, टिपूविरुद्धचा १७९० चा तहनामा पुरा करावयास आलेला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट दरबारात हजर आहे, आणि चित्रकाराचे नाव आहे टॉमस डॅनिएल. हा गृहस्थ त्या दरबारात होता काय, असे तू विचारतेस. नव्हता, त्या दिवशी तो उत्तर हिंदुस्थानच्या मुलखात, पुण्यापासून शेकडो कोस दूर होता.

टेम्सकाठच्या किंग्स्टन येथे १७४९ साली एका सराईवाल्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा प्रथम घोडागाड्या रंगविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला आणि १७७३ साली रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिरला. निसर्गचित्रांवर लंडनात पोट भरेना, तेव्हा कंपनी सरकारचा परवाना मिळवून, विल्यम नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पुतण्यास बरोबर घेऊन, तो १७८५ साली चीनमार्गे कलकत्त्यास निघाला. गढवालच्या डोंगरांपासून दक्षिणेच्या देवळांपर्यंत दोघांनी जे पाहिले व रेखाटले, ते मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात तांब्याच्या पत्र्यांवर उतरवून त्यांनी १४४ चित्रांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. काका-पुतण्याच्या या जोडीविषयी मला विशेष ममत्व आहे, हे तुला सांगावयास नकोच.

परतण्यापूर्वी, १७९३ साली, ते मुंबईस थांबले आणि तेथे त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. घारापुरी आणि साष्टीतील लेणी त्यानेच त्यांना दाखविली. तुझ्या चित्राचे मूळ या स्नेहात आहे. वेल्स हा मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात राहून पेशव्यांची व नाना फडणिसांची चित्रे समक्ष बसून काढणारा मनुष्य. दरबाराच्या मोठ्या चित्राचे काम मॅलेटने त्याच्यावरच सोपविले होते आणि त्यासाठी माणसांचे चेहरे, पोशाख, महालाची रचना यांची टिपणे त्याने जमविली होती. परंतु १७९५ साली तो तापाने वारला. त्याच वर्षी सवाई माधवरावांचाही अंत झाला. पुढे वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी मॅलेटने विवाह केला, आणि दिवंगत मित्राच्या हातचे कागद डॅनिएलने पुढे ठेवून, १८०५ साली, लंडनमध्ये हे चित्र पुरे केले. तोवर नानाही निवर्तले होते आणि वसईच्या तहाने पेशवाईचे स्वातंत्र्यही गेले होते. वेल्सने काढलेल्या वेरूळच्या चित्रांचेही असेच झाले: डॅनिएलने त्यांची चोवीस चित्रांची मालिका १८०३ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या अपुऱ्या कामास स्वतःची वर्षे देणे हे मला त्याच्या सगळ्या निसर्गचित्रांहून मोठे वाटते.

या मंडळींत आपल्या पुण्याचाही एकजण होता, आणि त्याचे नाव तुला ठाऊक असावे अशी माझी फार इच्छा आहे: गंगाराम चिंतामण तांबट. वेल्सच्या हाताखाली तो शिकला. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही हुबेहूब काढला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठात जतन केलेली आहेत. आडनाव तांब्याच्या भांड्यांच्या कसबाचे, आणि हातात कागद-कुंचला! पुण्याच्या लोकांनी त्याची आठवण ठेवावयास हवी होती, ती आम्ही ठेवली नाही, याची खंत मला आहे.

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या आणि जोतीच उरली. म्हणून त्या महालाचे खांब व नक्षी पाहावयाची, तर ही प्रतच हाती धरावी लागते. रजेवर येशील तेव्हा ती बरोबर घेऊन आपण दोघे सकाळच्या उन्हात वाड्यात जाऊ, आणि माधवराव कोठे बसले असतील ते तू मला दाखव.

तुझा,
काका